नुसती सुपारी

‘आमचा मुलगा तंबाखूला शिवत नाही, कधीमधी नुसती सुपारी चघळतो, इतकेच,’ असे उद्गार पालकांच्या तोंडून अनेकदा ऐकू येतात. तंबाखू दोषी आणि सुपारी निर्दोष, अशी ही वाटणी आम्हांस मान्य नाही. ती का मान्य नाही, हे विद्यार्थी व पालक या उभयतांपुढे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते मज्जातंतूंस चेतविते. क्षणभर अंगात ऊब येते, तरतरी वाटते, आणि ती तरतरी पुन्हा मिळावी म्हणून हात पुन्हा पुडीकडे वळतो. सारांश, सुपारी हे एक उत्तेजक द्रव्य होय. चहा घोटाबरोबर पोटात उतरतो. सुपारी मात्र तासन्‌तास गालात राहते, आणि तिचा रस तेथील नाजूक अस्तरास सोसावा लागतो. त्या अस्तराखालील तंतू हळूहळू वाढून राठ होतात. प्रथम तिखट घासाने तोंडाची आग होते. मग गाल आतून पांढुरके व ताठ होतात. अखेरीस तोंड पुरते उघडेनासे होते. केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या मुखांत आढळलेल्या या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केले. राठ झालेले अस्तर सहसा पूर्ववत होत नाही, आणि अशा मुखात पुढे कर्करोग उद्भवण्याचे भय असते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूवाचूनची सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. शिवाय कठीण खांडे चावून दात झिजतात व डागाळतात, ते निराळेच.

यावर कोणी म्हणतील, ‘आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर विडा खाल्ला, आणि सुपारी तर मंगलकार्यातील वस्तू!’ तिच्या मानाविषयी आमची तक्रार नाही. पूजेत सुपारी मांडतात. ती दिवसभर चघळावी, असे कोणी सांगितलेले नाही. विडा खाणारेही या विकारातून सुटले नाहीत. परंतु पुडीतील कोरडे मिश्रण खाणाऱ्यांत तो अधिक लवकर उद्भवतो, असे वैद्यांस आढळून आले आहे. पुडी खिशात मावते आणि वर्गापर्यंत येते.

महाराष्ट्रात गुटखा व पानमसाला यांवर २०१२ मध्ये बंदी आली, हे योग्यच झाले. परंतु घरातील पानाच्या डब्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. जेवणानंतर कौतुकाने मुलाच्या तळहातावर ठेवलेले खांड आपल्याच माणसाने दिलेले असते. तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, तो हात त्यांनी स्वतःच आवरावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, एक साधी परीक्षा घरी करून पाहा. आपल्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. ती सहज आत जात नसतील, किंवा तिखटाने तोंड सारखे भाजत असेल, तर लाज न बाळगता वडिलांस सांगा व दंतवैद्याकडे जा. सुपारी त्याच दिवशी सोडा. वेळीच सोडणाऱ्याचा पुढील धोका कमी होतो. ज्या मुखाने जन्मभर बोलावयाचे, गावयाचे आणि घास घ्यावयाचा, ते क्षणाच्या तरतरीपायी कायमचे आखडून घेणे शहाणपणाचे नव्हे.