कोर्टाची नवी पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत. आता ती पायरीच मोबाईलमध्ये येऊन बसली आहे! सीएनआर क्रमांक घातला, की खटल्याची पुढची तारीख घरबसल्या कळते. सोय उत्तम, पण कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला कोर्टापाशी एक मजूर बाई भेटली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वकील शोधीत होती. मी म्हटले, "बाई, 15100 या नंबरावर फोन केला, तरी फुकट सल्ला मिळतो."

ती म्हणाली, "भेटत असंन, भाऊ. पन घरात फोन एकच, अन् तो त्याच्याच खिशात. त्याच्याच फोनावरून त्याची तक्रार करू?"

यावर मी काय बोलणार?

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो; लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितले तरी चालते. पण हे तिला सांगायचे कोणी?

वाचकहो, यंदा कामवाल्या बाईंना फराळाबरोबर एवढी माहितीही द्या. आणि लागलाच, तर आपला फोन पाच मिनिटे उसना द्या. आणि तेवढा वेळ खोलीबाहेर थांबा.