रांग कमी झाली, काम कुणाचं वाढलं?

बँकेतली गर्दी कमी व्हायलाच हवी, त्याबद्दल माझा वाद नाही. पासबुक छापायला माणूस कशाला? मशीन छापतं, छापू दे की. सकाळी नऊला साकीनाका मेट्रोवर मलाही कुणाशी बोलायचं नसतं. मोबाइलवर क्यूआर तिकीट, फाटक उघडलं, चला. माझं भांडण वेगळंच आहे. जिथे माणूस लागतो नेमका तिथलाच माणूस काढतात, आणि वर त्याला कार्यक्षमता म्हणतात!

घरचंच उदाहरण सांगते (बँकेचं नाव लिहीत नाही, असो). काका रेल्वेत होते, काकूंना फॅमिली पेन्शन आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी समोरचा क्लार्क चेहरा बघायचा, फॉर्मवर सही घ्यायचा, "गुडघा काय म्हणतोय?" विचारायचा. पाच मिनिटांचं काम. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आलं. अंगठा लावा, दाखला ऑनलाइन. कल्पना उत्तमच. पण जन्मभर भांडी घासलेल्या 78 वर्षांच्या बोटांवर रेषा किती उरणार? 2024 च्या नोव्हेंबरात मशीनने काकूंना चारदा नाकारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, ॲपवरून करा ना." कागदी फॉर्म नियमात बसतो, पण तो घ्यायला तिथे कुणी नेमलेलंच नव्हतं. पेन्शन थांबली. जितीजागती बाई समोर उभी, आणि ती जिवंत आहे हे मान्य करायला बँकेत माणूस नाही.

शेवटी काम केलं पोस्टमनने. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने 2020 मध्ये हा दाखला 70 रुपयांत घरी येऊन द्यायला सुरुवात केली. काकूंचा अंगठा त्याच्याकडेही जुळला नाही. मग त्याने त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि मोबाइलवर चेहरा जुळवला. आधार तेच, यंत्रणा तीच. फक्त मोबाइल धरणारा माणूस होता.

मॅनेजमेंटवाले यावर रिचर्ड चेस यांचं नाव घेतात. ग्राहकाशी संपर्क जितका कमी तितकी कार्यक्षमतेला वाव जास्त, असं त्यांनी 1978 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलं. खरंय. पण संपर्काची कामं आणि बिनसंपर्काची कामं वेगळी करा, हेही त्यांचंच म्हणणं. आमच्या साहेबलोकांनी पहिलं वाक्य वाचून मासिक मिटलेलं दिसतं.

त्यापेक्षा त्यांनी अंधेरी स्टेशनवर डबेवाल्यांना बघावं. डबे या हातातून त्या हातात जातात, झाकणावरच्या खुणा बघून वाटले जातात. तिथे गिऱ्हाईक नाही, गप्पा नाहीत, नुसता वेग. पण घरी डबा न्यायला येणारा माणूस ठरलेला असतो. उद्या डबा नको, हे सांगायला एक दाबा, दोन दाबा करावं लागत नाही.

"माणूस ठेवणं परवडत नाही" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. मशीनवर न झालेलं काम नाहीसं होत नाही हो. ते काकूंच्या सुनेच्या अर्ध्या रजेत जातं, दोन वेळच्या रिक्षाभाड्यात जातं. बँकेच्या हिशेबात ते दिसत नाही, म्हणून बचत झाली म्हणायचं? वर्षभर मशीनं चालवा. नोव्हेंबरात मात्र एक खिडकी, समोर एक खुर्ची, आणि कागदी फॉर्म घ्यायचा अधिकार असलेला एक माणूस ठेवा. तीस दिवसांचा पगार किती होतो, तो आकडा तरी सांगा.