देव्हाऱ्यात ठेवलेले आपलेच सामर्थ्य

दि. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत श्री. ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा प्रारंभ ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावा अशी दुरुस्ती मांडली. मतदान झाले : बाजूने ४१, विरुद्ध ६८. दुरुस्ती पडली आणि ‘आम्ही, भारताचे लोक’ हेच आरंभीचे शब्द राहिले. दस्तऐवज हाती आला की करून देणारा कोण, हे आम्ही वकील प्रथम पाहतो. येथे करून देणारा माणूस आहे.

आपल्या काही घरांत मात्र कर्ता अद्याप बदललेला नाही. १९५६ च्या २२ प्रतिज्ञांबरोबर ब्रह्मा-विष्णु-महेश देव्हाऱ्यातून उठले. त्या जागी बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची तसबीर आली. आणि मागणे तेच! मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली की ‘बाबांची कृपा’. ती रात्र रात्र जागली, आईने चार घरची धुणीभांडी करून फी भरली, तो हिशेब कोणाच्या खाती मांडावयाचा?

फायरबाख या जर्मन तत्त्ववेत्त्याने १८४१ साली प्रतिपादन केले की, माणूस आपलेच ज्ञान, प्रेम व सामर्थ्य अमर्याद करून आकाशात नेऊन बसवितो, त्यास देव म्हणतो आणि मग रित्या हातांनी त्याच्याच दारी याचक होतो. युरोपात हा पंडितांचा वाद होता. आमच्या पूर्वजांना तर सामर्थ्य आपले आहे असे म्हणण्याचीच बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी कोणा देवाने आमच्या ओंजळीत घातले नाही.

कोणी म्हणेल, गरिबाला आधार नको काय? अवश्य हवा. बोरिवलीच्या कान्हेरीतील ९० क्रमांकाचे लेणे मुलाबाळांना दाखवा. मध्ये अवलोकितेश्वर आणि दोन्ही अंगांस संकटात सापडलेली माणसे : बुडते गलबत, हत्ती, सर्प, अग्नी. ती भीती खरी आहे, करुणाही खरी आहे. परंतु बुडत्याला हात देणारा माणूस कारागिराने पाहिला नसता, तर ही करुणा त्याला सुचली कोठून? मागण्याची सवय एकदा जडली की देव बदलण्यास वेळ लागत नाही. अंधेरीच्या कोंडिवटे लेण्यांत स्तूप आहे आणि लोक त्यांना ओळखतात महाकालीच्या नावाने!

भगवान बुद्ध मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले. राजकारणातील भक्ती अधोगतीला नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी देणारेही तेच. त्यांच्यापुढे नवस बोलणे हा त्यांचा सन्मान नव्हे, अवज्ञा आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. १९६९ च्या शपथ अधिनियमाच्या कलम ५ अन्वये साक्षीदारास ईश्वराची शपथ न घेता प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. यापुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहाल तेव्हा ‘मी प्रतिज्ञेवर सांगतो’ असे स्पष्ट म्हणा. आणि सवयीने कोणी ईश्वराचे नाव पुढे केले, तर त्यास तेथेच नम्रपणे थांबवा.