गार्ड कोणी काढला?

यंत्रावर कामगाराचे बोट गेले की ‘निष्काळजीपणा’ हा एक शब्द सर्वांच्या मदतीला धावून येतो. मालक सुटतो, ठेकेदार सुटतो. सरकारी निरीक्षक तर मुळात आलेलाच नसतो. होटगी जंक्शनच्या परिसरात सिमेंटचा कारखाना आहे, जवळच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा उद्योगांच्या सावलीत शटर, जाळ्या, ट्रॉल्या घडवणारी लहान दुकाने चालतात. त्या दुकानांत सर्वाधिक हाती घेतले जाणारे यंत्र म्हणजे ग्राइंडर.

या यंत्राची ताकद आकड्यांतच पाहावी. सात इंची चकतीवर मिनिटाला कमाल ८५०० फेऱ्यांचा छाप असतो. त्या गतीला तिची कड सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर वेगाने धावते. चार इंची यंत्र मात्र सुमारे ११,००० फेरे घेते. गार्ड काढून, जुगाड करून तीच चकती या लहान यंत्रावर चढवली, की कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरांपलीकडे जातो. मग चकती फुटते, आणि तिचे तुकडे अडवायचे ज्याचे काम, तो गार्ड कोपऱ्यात पडलेला असतो.

‘सुरक्षा पाळत बसलो तर काम व्हायचे कधी?’ असा सवाल केला जातो. तो खोटा आहे. कापणारी पातळ चकती कडेनेच कापते. बाजूने घासली तर तडकते. घासायची जाड चकती १५ ते ३० अंशांच्या कोनात टेकवावी. यंत्र दाबले की गती मंदावते, चकती तापून झिजते, काप वाकडा जातो. कापताना फट मिटून चकती आवळली जाणार नाही असा तुकड्याला आधार द्यावा. दोन्ही मुठी घट्ट धराव्यात, म्हणजे उलटा झटका सावरता येतो. चकती बदलताना प्लग काढावा, तडा आणि छापलेली मुदत पाहावी, बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळी फिरवावी. डोळ्यांवर चष्मा असावा, गळ्यात टॉवेल नसावा. यातले काय काम अडवते? उलट चकती वाचते, काप सरळ येतो.

मग गार्ड का निघतो? जिथे नगावर मजुरी ठरते, चकत्यांचा खर्च कारागिराच्या माथी मारला जातो आणि एकाच यंत्रावर सारी कामे उरकायची असतात, तिथे तो घाईच काढते. ती घाई कारागिराने निर्माण केलेली नसते.

आणि कायदा? १९४८ च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कारखाना मानला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने ही संख्या २० केली. चार माणसांचे दुकान दोन्हींच्या बाहेरच! भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातली एक तरतूद मात्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही शाबूत आहे. दिलेले संरक्षक साधन कामगाराने जाणूनबुजून काढल्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालकावर भरपाईचे दायित्व नाही. बोट गेले, एक डोळा गेला, तरी मालकाला हात झटकता येतात. ज्याच्या घाईपायी गार्ड निघाला, त्याचीच ढाल तो काढलेला गार्ड होतो.

लहान दुकानदारही पोटासाठीच धडपडतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण चष्म्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी आहे. डोळ्याची किंमत कोणत्या वहीत मांडणार? म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सुरक्षेचा कायदा माणसे मोजून लागू न होता यंत्र पाहून लागू व्हावा. गार्ड लावूनही ते काम करता येत होते आणि त्यासाठी योग्य यंत्र व चकती दिली होती, हे मालकाने सिद्ध करावे. तोवर त्याला सूट नसावी.

कार्यकर्त्यांनी मोर्चाची वाट पाहू नये. आपल्या गावातल्या प्रत्येक दुकानात जावे, आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: गार्ड कुठे आहे? चष्मा कुठे आहे? चकतीचे पैसे कोण देतो? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पहिल्या दोहोंचे उत्तर सापडेल.