उवा डोक्यात, दोष आईच्या माथी

मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या की शाळेतून निरोप कुणाला जातो? आईला. बापाला बोलावून 'मुलीच्या डोक्याकडे लक्ष द्या' असं कुणी सांगितलेलं आपण ऐकलंय का? आई शेतात मजुरीला जावो, चार घरची धुणीभांडी करो, नाहीतर कारखान्यात रात्रपाळी करो. ऊ निघाली की ती घाणेरडी आणि तिची लेकही घाणेरडी. वस्तीतल्या, पाड्यावरच्या, दलित-आदिवासी घरातल्या मुलीला तर हे दूषण आयतंच चिकटवलं जातं. तिला मागच्या बाकावर बसवतात. वसतिगृहात सरळ कात्री चालवतात.

मैत्रिणींनो, या घाणेरडेपणाचा एकदा समाचार घेऊ या. डोक्यातल्या उवेला घाण लागत नाही, माणसाचं रक्त लागतं. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती सुखाने नांदते. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत पलीकडे जाते. जिथे एका गादीवर तिघी झोपतात, तिथे ती पसरते. एका खोलीत किती मुली कोंबायच्या, हे काही आई ठरवत नाही! शिवाय डोक्यातल्या उवांमुळे टायफससारखे रोग पसरत नाहीत. टायफस पसरवते ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली दाखवून दिलं. ती होते जिथे कपडे धुवायला-बदलायला मिळत नाहीत तिथे. म्हणजे तिथेही प्रश्न पाण्याचा आणि गरिबीचाच.

केस भादरले की उवा जातात, हे खरं. पण फणी आणि औषधाने जाणाऱ्या उवांसाठी मुलीचं डोकं तिला न विचारता का भादरायचं? बाईच्या केसांवर हक्क सांगण्याची आपल्याकडची खोड जुनी आहे. विधवांचं केशवपन करणार नाही, असं १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवलं होतं. वस्तरा हातात असलेल्यांना जे तेव्हा कळलं, ते आज वसतिगृह चालवणाऱ्यांना कळू नये? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. चारचौघींत मुलीचे केस कापणं हा छळ नाही, तर काय?

या लाजेपायीच बाया चोरून भलते उपाय करतात. कुणी रॉकेल चोळतं. चूल जवळ असली तर डोकं पेटतं. कुणी पिकावरचं कीटकनाशक लावतं; ते कातडीतून अंगात भिनतं आणि पोर जिवाला मुकू शकते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. यातलं काहीही डोक्याला लावू नका, कुणाला लावू देऊ नका.

मग करायचं काय? आधी ओळखायचं. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार-सहा आठवडेही लागतात, म्हणून खाजेची वाट बघू नका. कानामागे आणि मानेवर केस बाजूला करून उजेडात बघा. कातडीपासून पाव इंचाच्या आत घट्ट चिकटलेली लीख जिवंत असू शकते; लांबची पांढरी बहुधा रिकामी टरफलं असतात.

ओल्या केसांना भरपूर तेल लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लीख सात ते दहा दिवसांत फुटते, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. औषध हवं असेल तर परमेथ्रिनचं १ टक्क्याचं लोशन मागा. खरजेवरचं ५ टक्क्यांचं मलम वेगळं. धुऊन पुसलेल्या केसांना दहा मिनिटं लावून धुवा, नऊ दिवसांनी पुन्हा लावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नको. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारावं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, बापाचं आणि भावाचंसुद्धा. उशीचे अभ्रे, टॉवेल कडकडीत पाण्यात धुवा. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, घरभर औषध फवारायची गरज नाही.

आणि हे सगळं पुन्हा एकट्या आईच्या गळ्यात पडू नये, यासाठी आपल्या गटांनी मागण्या घेऊन जायला हवं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतात. त्यांनी मुलांची-मुलींची डोकी बघावीत, पण आडोशाला, नाव न पुकारता. आरोग्य केंद्रात लोशन आणि फणी फुकट मिळावी. वसतिगृहात प्रत्येक मुलीला स्वतंत्र गादी मिळावी. उवांपायी कुणाला शाळेतून घरी पाठवू नये; अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आता हेच सांगते.

पुढच्या पालकसभेत जाऊ तेव्हा मान खाली घालून ऐकून घ्यायचं नाही. विचारायचं: खोलीत मुली किती, गाद्या किती, आणि कात्री चालवायचा हुकूम दिला कुणी?