परकीय भाषांचा ओढा

दहावीचा निकाल लागला आणि अकरावीचे प्रवेश सुरू झाले, की शहरातील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हमखास चर्चिला जातो : इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा कोणती घ्यावी? उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. मराठी नको, जर्मन किंवा फ्रेंच घ्यावी. तीत गुण पडतात. विज्ञान शाखेतील कित्येकजण तर भाषेचा त्रासच नको म्हणून माहिती तंत्रज्ञान हा विषय पत्करतात. ज्याने दहा वर्षे मराठी वाचली, तो विद्यार्थी साहित्य खऱ्या अर्थाने कळू लागण्याच्या वयात, म्हणजे सोळाव्या वर्षी, तिला रामराम ठोकतो. आणि आपले नाव, गाव व कुटुंब यांची माहिती जर्मनमध्ये लिहिता येऊ लागली, की नव्वदीची स्वप्ने पाहू लागतो.

परकीय भाषांच्या अध्ययनास आमचा विरोध आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. तसा विरोध करणे हा आमच्या पूर्वसूरींचा अवमान ठरेल. ग. ह. खरे यांनी फार्सीचा व्यासंग केला नसता, तर शिवकालाची कितीतरी साधने आम्हांस मुकीच राहिली असती. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यात बसून पोर्तुगीज कागद वाचले, म्हणून पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास आम्हांस कागदपत्रांच्या आधारे लिहिता आला. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याने आमची भाषा इतकी आत्मसात केली, की तिच्यात त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले. या सर्वांनी परकी भाषा शिकून काहीतरी आपल्या वा दुसऱ्याच्या घरी आणून पोचविले. आजच्या विद्यार्थ्यास ती भाषा शिकून कोठे जावयाचे आहे, हा प्रश्न मात्र अवश्य विचारला जातो. काय आणावयाचे आहे, हे कोणी विचारीत नाही.

जाण्याचा मार्ग आता मोकळा होत आहे, हेही खरे. जर्मनीस मनुष्यबळाची चणचण भासत असल्याने तेथील सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार करून १० हजार तरुणांना भाषा व कौशल्ये शिकवून तिकडे पाठविण्याची योजना आखली. जपाननेही २०१९ पासून विशिष्ट कुशल कामगारांसाठी दार उघडले आहे. परिचारिकेस वा सुतारास आपल्या हाताच्या कामाचे योग्य मोल मिळणार असेल, तर त्याबद्दल नाक मुरडणारे आम्ही कोण?

परंतु पालकांनी येथे एक व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. जर्मन भाषेच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. रुग्णशुश्रूषेच्या कामासाठी सामान्यतः त्यांतील चौथी, म्हणजे बी-दोन ही पायरी गाठावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त परीक्षेचेच असावे लागते. बारावीच्या गुणपत्रिकेवरील आकडा त्या खिडकीपाशी उपयोगी पडत नाही. आमच्या महाविद्यालयांतील दोन वर्षांच्या अभ्यासाने विद्यार्थ्यांची मजल पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या पलीकडे क्वचितच जाते. म्हणजे गुणांसाठी मराठी सोडली, आणि नोकरीपुरती जर्मनही आली नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हाच!

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळेत मराठी शिकविली आहे. भाषा वर्गात कशी रुजते आणि कशी रुजत नाही, याची त्यामुळे थोडीबहुत कल्पना आहे. परकी भाषा शिकताना मुलाचा पाय कोणत्या तरी एका भाषेत घट्ट रोवलेला असावा लागतो. कर्ता, कर्म, विभक्ती यांची जाण ज्यास मराठीत आहे, त्यास जर्मनमधील विभक्तींचा बाऊ वाटत नाही. जपानीमध्ये तर क्रियापद मराठीप्रमाणेच वाक्याच्या अखेरीस येते व शब्दयोगी अव्ययांसारखे प्रत्यय नामामागून चालतात. मराठी मुलास ती भाषा इंग्रजीतून शिकविणे म्हणजे डोक्यामागून हात नेऊन घास घेणे होय. तरीही आमच्या बहुतेक वर्गांतील अध्यापन, पाठ्यपुस्तके आणि कोश इंग्रजीचाच आधार घेतात. परिणामी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीस एका परकी भाषेसाठी दुसऱ्या परकी भाषेचे जकातनाके ओलांडावे लागते. शासनास खरोखर खेड्यापाड्यांतील तरुण परदेशी पाठवावयाचे असतील, तर या अडचणीचा विचार प्रथम व्हावयास हवा होता.

शिक्षकांची स्थिती याहून वेगळी नाही. पुण्या-मुंबईबाहेर परकी भाषेचा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर नेमला जातो, दोन-तीन संस्थांत धावपळ करतो, आणि बरी नोकरी मिळताच निघून जातो. त्याने तरी काय करावे?

धोरणाविषयी बोलावे तर धरसोडच अधिक दिसते. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या कराराने तिसरी भाषा म्हणून आलेली जर्मन २०१४ च्या अखेरीस, वर्ष अर्धे झाले असताना, काढून तिच्या जागी संस्कृत आणण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या भाषांचा उल्लेख आहे. आदल्या वर्षीच्या मसुद्यात असलेली चिनी मात्र गळाली. शेजाऱ्याशी वैर असले की त्याची भाषा शिकू नये, हा कोठला न्याय? वैऱ्याची भाषा तर आधी शिकावी.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा राज्यभर रान उठले, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. ते योग्यच झाले. पण २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केल्यानंतर इतर मंडळांच्या शाळांना २०२३ मध्ये ती गुणांऐवजी श्रेणीवर निभावून नेण्याची सवलत काही काळ दिली गेली, तेव्हा आमच्यापैकी कितीजण बोलले? आणि अकरावीच्या अर्जावर मराठीच्या रकान्यावर काट मारताना कोणत्या सरकारने कोणाचा हात धरला होता?

अकरावीस भाषा निवडताना एकीऐवजी दुसरी, अशी सक्ती का असावी, याचा विचार परीक्षा मंडळाने येत्या प्रवेशापूर्वी करावा. परकी भाषा इच्छिणाऱ्यास ती मराठीच्या जोडीने घेता आली पाहिजे, आणि तिची परीक्षा त्या सहा पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीशी जुळणारी असली पाहिजे, म्हणजे गुणांना बाजारात काही किंमत राहील. मराठी-जर्मन आणि मराठी-जपानी पाठ्यपुस्तके व विद्यार्थ्यांचे कोश सिद्ध करण्याचे काम विद्यापीठांच्या भाषा-विभागांकडे सोपवावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. या कोशांसाठी त्यानंतर किती तरतूद झाली, हे शिक्षणमंत्र्यांनी विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात सांगावे.