अंतिम पर्व कोणाचे?

दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकेचे अंतिम पर्व कसे असावे, या प्रश्नावर दोन मते हिरिरीने मांडली जातात. पहिल्या मतानुसार खलनायकाला शिक्षा झाली की कथा संपते, आणि ती झाली नाही तर प्रेक्षकाची फसवणूक होते. दुसऱ्या मतानुसार प्रत्यक्ष जगात गुन्हेगार राजरोस सुटतात, म्हणून कथेनेही शेवट मोकळा सोडावा आणि त्यालाच प्रगल्भता म्हणावे. ही मते परस्परांच्या विरोधात उभी असली, तरी दोहोंच्या मुळाशी गृहीत एकच आहे: गुन्ह्याच्या कथेचा धनी गुन्हेगार असतो, आणि म्हणून त्याचे पुढे काय झाले हे ठरले म्हणजे कथेचे काय झाले हेही ठरते. या गृहीताचे खंडन करणे आणि अंतिम पर्वावर खरा हक्क मृतांचा व त्यांच्याभोवती गप्प राहिलेल्या समाजाचा असतो, हे मत प्रस्थापित करणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्याचा अनुभव जेवढा उपयोगी पडतो, तेवढा कोणताही नाट्यसिद्धांत पडत नाही.

प्रथम या मालिकाप्रकाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे अखेरपर्यंत दडवून ठेवलेले असते आणि ते उलगडणे हाच तिचा आनंद असतो. ज्या मालिकांना हल्ली ‘डार्क थ्रिलर’ म्हटले जाते, त्यांत मात्र खुनी प्रेक्षकाला बहुधा आरंभापासून ठाऊक असतो. प्रश्न उरतो तो एवढाच की, तो आणखी किती दिवस उजळ माथ्याने वावरणार आणि त्याला वावरू कोण देणार. झी मराठीवर ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका या प्रकाराचे मराठीतील ठळक उदाहरण होय. किरण गायकवाड यांनी रंगवलेला डॉक्टर अजितकुमार देव हा गावाच्या लेखी देवमाणूस आणि प्रेक्षकाच्या लेखी खुनी असतो, आणि या दोन दृष्टींमधील अंतरावर सगळी मालिका उभी राहते. सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याप्रकरणाशी तिचे नाते जोडले जाते. पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये संपले, त्याच वर्षी डिसेंबरात दुसरे सुरू झाले, आणि २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या नावाने तिसरे आले. ज्या मालिकेला शेवट सापडत नाही, तिला पुन्हा पुन्हा मध्याकडे वळावे लागते.

पहिल्या पर्वाच्या अखेरीस खुन्याला सजा झालेली दिसली नाही, म्हणून अनेक प्रेक्षक नाराज झाले. ती नाराजी क्षुल्लक मानण्याचे कारण नाही, कारण शिक्षावाद्यांच्या पूर्वपक्षाला, म्हणजे ज्याचे खंडन करायचे त्या मताला, परंपरेचे भक्कम पाठबळ आहे असे ते समजतात. नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे सांधे, सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. यांतील शेवटच्या निर्वहण संधीत कथेचा समारोप होतो, आणि समारोप म्हणजे दुष्टाचे पारिपत्य असा सोयीस्कर अर्थ लावला जातो. वस्तुतः निर्वहणाचे काम वेगळे सांगितलेले आहे. मुखसंधीत पेरलेले बीज आणि मधल्या संधींत विखुरलेले अर्थ एकत्र आणून त्यांना फलाशी नेणे, हे ते काम होय. तेव्हा अंतिम पर्वाला विचारायचा प्रश्न असा की, पहिल्या भागात कोणते बीज पेरले होते. ‘देवमाणूस’ने पेरलेले बीज खुनी पकडला जाईल की नाही हे नव्हते, कारण खुनी तर प्रेक्षकासमोरच उभा होता; एक अख्खे गाव डोळ्यांसमोरचे का पाहू शकत नाही, हे ते बीज होते. त्याचे फल फासावर लागत नाही.

महाभारताची रचनाही हेच दाखवते. अठरा पर्वांच्या त्या ग्रंथात दुर्योधनाचा प्राण दहाव्या, सौप्तिक पर्वातच जातो, आणि शिक्षावाद्यांच्या न्यायाने ग्रंथ तिथेच मिटायला हवा होता. परंतु त्यानंतर लगेच स्त्रीपर्व येते. गांधारी आणि कुरुकुळातील स्त्रिया रणभूमीवर जातात आणि प्रत्येक मृताची ओळख पटवत त्याच्यासाठी शोक करतात. विजेत्यांच्या राज्यारोहणाआधी व्यासांनी मृतांची मोजदाद ठेवली आहे, आणि मग आणखी सात पर्वे वाचलेल्यांच्या अपराधभावाला व थकव्याला दिली आहेत. खलनायकाचा अंत आणि कथेचा अंत यांत एवढे अंतर ठेवणारा ग्रंथ ज्या समाजाच्या घराघरांत माहीत आहे, त्या समाजाला शिक्षेपलीकडचे अंतिम पर्व समजणार नाही, असे म्हणणे टिकत नाही.

आता भंडारा. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली आणि मृतदेह कालव्यात टाकले. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. या हत्याकांडामागे शेतातून जाणाऱ्या वाटेचा जुना वाद होता आणि एका मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबाने दिलेली साक्षही होती. गावच्या वस्तीत, लोकांच्या देखत घडलेल्या या घटनेची खरी ओळख महाराष्ट्राला पटायला अनेक आठवडे लागले. नोव्हेंबरात राज्यभर निदर्शने झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. भंडारा येथील न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणल्या.

म्हणजे येथे गुन्हेगार सापडले, खटला चालला, दोष सिद्ध झाला आणि शिक्षाही झाली. शिक्षावाद्यांच्या व्याख्येप्रमाणे ही कथा संपली. परंतु भंडारा जिल्ह्यात कोणालाही ती संपल्यासारखी वाटली नाही, आणि याचे कारण शिक्षा कमी पडली एवढेच नव्हते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील गुन्हा दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानला नाही. हत्या सूडातून झाली, जातीतून नव्हे, अशी नोंद निकालाने ठेवली. ज्या प्रश्नासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, तो प्रश्नच निकालाच्या कागदातून गळून गेला. गावातील जी माणसे त्या संध्याकाळी दार लावून बसली, त्यांचा हिशेब करण्याचे काम तर फौजदारी न्यायालयाचे नव्हतेच. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. हातात निकाल असलेला आणि तरीही उत्तर न मिळालेला माणूस कसा जगतो, हे या जिल्ह्याने आठ वर्षे जवळून पाहिले आहे. दंड आणि शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्याही कल्पित कथेत मिळणार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खऱ्या माणसांच्या रक्ताची तुलना करमणुकीच्या मालिकेशी करणे हा मृतांचा अवमान आहे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपातील वेदना मान्य करूनही त्याचा निष्कर्ष नाकारला पाहिजे. ‘देवमाणूस’सारख्या मालिका खऱ्या प्रकरणांच्या आधारावरच उभ्या राहतात आणि त्या आधाराची जाहिरातही होते, तेव्हा मृतांशी नाते मालिकांनीच आधी जोडलेले आहे. नाते जोडताना संकोच नाही आणि त्याची जबाबदारी विचारली की अवमान, हा न्याय उफराटा आहे. शिवाय दूरचित्रवाणी न्यायालय नसल्यामुळेच न्यायालयाच्या कक्षेत न येणारा भाग, म्हणजे शेजाऱ्यांचे मौन, तिच्या कक्षेत येतो.

दुसरा आक्षेप ग्रामीण प्रेक्षकाविषयीचा असून तो अधिक प्रचलित आणि अधिक पोकळ आहे. खेड्यातील प्रेक्षकाला दुष्टाचा उघड नाश लागतो, गुंतागुंत झेपत नाही, असे वाहिन्यांच्या वर्तुळात नेहमी सांगितले जाते. असे सांगणाऱ्यांनी लाखांदूर किंवा साकोलीकडे हिवाळ्यातील एका रात्री झाडीपट्टीचे नाटक पाहावे. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा वनप्रदेश. दंडार या लोकनाट्याच्या परंपरेवर पोसलेली तेथील रंगभूमी दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव गाजते, आणि तिच्या नटांपैकी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. रात्रीची जेवणे उरकून घरातील थोरलीधाकटी माणसे चादरी-घोंगड्या घेऊन मंडपात येतात, नाटक मध्यरात्र ओलांडून पहाटेकडे जाते, आणि लेकरे आयांच्या मांडीवर झोपी गेली तरी मोठी माणसे हलत नाहीत. खलनायकाचा पाडाव तेथेही होतो. पण माणसे पहाटेपर्यंत बसतात ती त्या पाडावासाठी नव्हे, तर घर मोडलेल्या बहिणीचे, हुंडाबळीच्या बापाचे, दारूने नागवलेल्या संसाराचे पुढे काय होते ते पाहण्यासाठी. सोसणाऱ्याच्या बाजूने कथा पाहण्याची सवय या प्रेक्षकाला आहे. ती सवय वाहिनीच्या लेखकाला नाही, आणि तो आपला उणेपणा प्रेक्षकाच्या नावावर खपवतो.

मोकळ्या शेवटाच्या पुरस्कर्त्यांचा परामर्श थोडक्यात घेता येतो. मुंबईच्या गुन्हेविश्वावरील ‘सेक्रेड गेम्स’ या मालिकेचे दुसरे पर्व ऑगस्ट २०१९ मध्ये आले, बॉम्ब निकामी झाला की नाही हे न सांगता संपले आणि तिसरे पर्व आलेच नाही. विक्रम चंद्रा यांच्या ज्या कादंबरीवर ती आधारलेली होती, तिने असे काही केलेले नव्हते. शेवट मोकळा सोडण्यात गैर नाही. मात्र उत्तर माहीत असून ते वाचकावर सोपवणे आणि उत्तर न शोधताच थांबणे यांतला फरक सुजाण प्रेक्षकाला कळतो, आणि दुसऱ्या प्रकाराला वास्तववाद म्हणणे म्हणजे आळसाला तत्त्वज्ञानाचा अंगरखा घालणे होय.

अंतिम पर्व मृतांना देता येते आणि तरीही ते रोमांचक राहते, याचे उदाहरण अमेरिकेतील ‘द वायर’ ही मालिका आहे. बाल्टिमोर शहरावरील ही मालिका २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत चालली. तिचे कर्ते डेव्हिड सायमन हे तेथील वृत्तपत्राचे बातमीदार होते आणि सहकारी एड बर्न्स हे माजी पोलीस अधिकारी. चौथ्या पर्वात ओसाड घरांतून बावीस प्रेते सापडतात. ती बहुतेक गरीब काळ्या माणसांची असतात आणि त्यांच्या तपासाला सरकारकडे पैसा नसतो. पाचव्या आणि अंतिम पर्वात एक पोलीस अधिकारी हताश होऊन एक साखळीखुनी, म्हणजे एकामागून एक खून करणारा विकृत माणूस, चक्क बनवतो. बेघर माणसांच्या नैसर्गिक मृत्यूंना तो त्या काल्पनिक खुन्याच्या नावावर मांडतो. ताबडतोब वर्तमानपत्रे पेटून उठतात, महापौर बोलू लागतात, पैसा येतो. बावीस खऱ्या मृतांसाठी न हललेली यंत्रणा एका खोट्या खुन्यासाठी रात्रंदिवस राबते. समाजाला खुन्याचे आकर्षण असते आणि मृतांचा कंटाळा असतो, हे सत्य इतक्या थेटपणे सांगणारे दुसरे अंतिम पर्व क्वचितच असेल. आणि ते सांगताना त्या मालिकेने पहिल्या भागात पेरलेला प्रश्न, म्हणजे शहराच्या संस्था कोणासाठी चालतात हा प्रश्न, शेवटच्या दृश्यापर्यंत नेला. याच्या उलट गेली ती ‘डेक्स्टर’. तिचा खुनी नायक २०१३ च्या अखेरच्या भागात निसटला, प्रेक्षकांचा रोष झाला, पुढच्या मालिकेत २०२२ च्या जानेवारीत त्याला गोळी घातली गेली, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा जिवंत आढळला. कथेचा धनी खुनी ठरला की त्याला मरू देणे परवडत नाही.

याच दुखण्याने ‘देवमाणूस’ पछाडलेली आहे, आणि त्यावरचा उपाय तिच्या मागील प्रकरणातच पडून आहे. वाईच्या प्रकरणात २०१६ साली अंगणवाडी सेविकांच्या संघटनेतील एक कार्यकर्ती बेपत्ता झाली, तेव्हा सहकाऱ्यांनी तिचा पाठपुरावा केला आणि त्यातून आरोपीपर्यंत तपास पोचला. आरोपांनुसार पहिली हत्या २००३ मधील आहे. मधल्या तेरा वर्षांत ज्या बाया नाहीशा झाल्या, त्यांच्या घरच्यांनी कोणाकोणाकडे हेलपाटे घातले, त्यांना कोणी काय ऐकवले, ‘निघून गेली असेल’ हे वाक्य किती जणांनी उच्चारले आणि शेवटच्या स्त्रीच्या पाठीशी संघटना होती म्हणूनच तिचा शोध लागला का, हे सर्व प्रश्न अंतिम पर्वाचे प्रश्न आहेत. त्यांत थरार कमी नाही. वाहिनीला आणि लेखकांना या मालिकेचे आणखी एक पर्व करायचे असेल, तर त्यांनी ते खुन्याच्या घरातून सुरू करू नये. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार घेऊन आलेल्या पहिल्या स्त्रीच्या आईपासून सुरू करावे, आणि त्या आईला उत्तर मिळेपर्यंत ते संपवू नये.